चवथ पार पडेपर्यंत

सिस्टरनी माझ्याकडे चार मोठे टॉवेल मागितले तेव्हा मी म्हटलं, "कपाटात दोन डझन पडलेत की. घेऊन जा."

"ते पांढरे आहेत. मला गडद रंगाचे हवेत. मरून, नाहीतर काळपट निळे."

मी समोरच्या कागदावरून मान वर केली नाही. "रंगाचं काय एवढं, सिस्टर?"

त्यांनी ऑफिसचं दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि समोर बसून सांगायला लागल्या. खाडीच्या तोंडाशी एक वाडी आहे, तिथला आमचा एक आजारी. वय साठीच्या आतबाहेर. सगळी हयात तांडेल म्हणून मासेमारीची होडी चालवण्यात गेलेली. त्याच्या मानेवरची कॅन्सरची गाठ फुटून जखम झाली होती आणि ती जखम आता गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ पोचली होती. आदल्या दिवशी ड्रेसिंग बदलताना सिस्टरना चमचाभर ताजं रक्त दिसलं. दिसलं आणि आपोआप थांबलं.

"हे मी मुंबईत पुष्कळदा पाहिलंय," त्या म्हणाल्या. "काहींचं तेवढ्यावरच राहतं. पण बहुतेकांची ती रक्तवाहिनी नंतर फुटते. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी, सांगता येत नाही. फुटली की पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास. या अवस्थेत कुठलंच हॉस्पिटल काही करू शकत नाही. त्या वेळी सगळं पांढऱ्या कापडावर दिसलं, तर घरच्या माणसांच्या डोळ्यांपुढून ते जन्मभर हलत नाही. गडद कापडावर एवढं दिसत नाही. आणि त्यांच्या बायकोला आधी सांगून ठेवायला हवं. काय होईल, काय करायचं, काय करायचं नाही."

मला ते ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, "बघू."

मी मूळचा एसटीतला. आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. ही संस्था, म्हणजे बरं होण्यापलीकडे गेलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन काळजी घेणारी, एका डॉक्टरबाईंनी उभी केली होती. त्यांचीच तब्येत बिघडली, त्या मुलीकडे पुण्याला गेल्या, आणि विश्वस्तांनी मला बोलावलं. दोन जीपगाड्या, दोन सिस्टर, दर गुरुवारी कोल्हापुराहून फोंडाघाट उतरून येणारे एक डॉक्टर. एवढा संसार. विश्वस्त म्हणाले, "माणसं चांगली आहेत, पण शिस्त नाही. तुम्ही लावा."

मी लावली. मालवण, कुडाळ, बांदा असे मार्ग आखले. प्रत्येक घराला चाळीस मिनिटं. दुसऱ्या महिन्यापासून गाड्या वेळेवर सुटायला लागल्या. विश्वस्त खूश झाले, मीही झालो. या मोठ्या सिस्टर तेवढ्या माझ्या तक्त्यात बसत नव्हत्या. त्या मूळच्या आंबोलीच्या. मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलात वीसहून जास्त वर्षं काढून आईच्या आजारपणासाठी गावी आल्या आणि आई गेल्यावर इथेच राहिल्या. एखाद्या घरात दीड-दीड तास बसायच्या. मी त्यांच्या गाडीच्या वहीत लाल शाईने "उशीर" लिहायचो. त्या ती वही वाचून खाली सही करायच्या. कारण कधी लिहायच्या नाहीत.

टॉवेलांच्या दुसऱ्याच दिवशी तांडेलाचा मुलगा ऑफिसात आला. तो मालवाहू बोटीवर नोकरीला होता आणि चवथीसाठी रजा काढून आला होता. आमच्याकडे गणेश चतुर्थीला चवथ म्हणतात आणि चवथीला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी घरी येतो. वडिलांचं ऑपरेशन, रेडिएशन, सगळं त्यानेच मुंबईत उभं राहून केलं होतं. तो खुर्चीवर बसलाच नाही.

"साहेब, तुमच्या सिस्टर काल आईशी काहीतरी बोलायला बघत होत्या. मी मध्ये पडलो म्हणून थांबल्या. आमच्या घरात असलं काही बोलायचं नाही. बाबांना धीर हवाय. आई साधी बाई आहे, मासे विकणारी. ती कोसळेल. निदान चवथ पार पडेपर्यंत तरी कुणी काही बोलू नये. एवढं माझ्यासाठी करा."

त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्या मागण्यात मला काही गैर वाटलं नाही. उलट वाटलं, किती मायेचा मुलगा. मी म्हटलं, "तुम्ही निश्चिंत राहा. मी सांगतो त्यांना."

आणि सांगितलं तेही एसटीच्या सवयीने लेखी. 'सदर रुग्णाच्या कुटुंबीयांशी पुढील धोक्याबाबत कोणतीही चर्चा करू नये.' खाली सही, शिक्का. एक प्रत सिस्टरना, एक फायलीला.

त्यांनी कागद वाचला. "साहेब, गाडी कुठल्या घरी न्यायची ते तुम्ही सांगा, मी जाईन. चाळीस मिनिटं म्हणाल तर चाळीस मिनिटांत उठेन. पण आत गेल्यावर काय बोलायचं, ते तुम्ही इथे बसून कसं ठरवणार?"

"घरच्यांची इच्छा आहे."

"मुलाची आहे. आईला कुणी विचारलंय? त्या आजारी माणसाला कुणी विचारलंय?"

"सिस्टर, संस्था म्हटली की एकाचं ऐकावं लागतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. त्या संध्याकाळी मी कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सिस्टर प्रत्यक्ष बघतायत, मी इथून काय वेगळं सांगू? मी एक नाकात मारायचा फवारा लिहून दिलाय. माणूस घाबरा झाला की शांत होतो त्याने." मला सोयीचं तेवढं मी ऐकलं. वाटलं, औषध दिलंय ना, मग झालं.

तरीही स्वस्थ बसवेना. सिस्टर माझा आदेश पाळतात की नाही हे बघायला पुढच्या फेरीला मी जीपमध्ये बसलो. हेतू तेवढाच होता, दुसरा काही नव्हता.

माडांच्या मागे खाडीच्या काठाला घर. अंगणात चवथीची साफसफाई चालली होती. मुलगा काही आणायला बाजारात गेला होता. तांडेल आतल्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसला होता. रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस, पण अंग नुसतं हाडांवर राहिलेलं. मानेच्या डाव्या बाजूला जाड ड्रेसिंग. आवाज खरखरीत, अगदी हळू. बायको दाराला टेकून उभी होती. सिस्टरनी ड्रेसिंग ओलं करून सोडवलं, जखम धुतली, नवीन बांधलं. त्यांचे हात इतके सावकाश चालत होते की मी घड्याळाकडे बघायचं विसरलो.

सगळं झाल्यावर तांडेलाने ड्रेसिंगवर एक बोट ठेवलं आणि सिस्टरकडे बघितलं.

"ही फुटतली मा?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने दाराची चौकट धरली. मला काय झालं कोण जाणे, मी दोन पावलं पुढे गेलो आणि आगारात प्रवाशांशी बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "छे छे, काय फुटतला? जखम सुकता आसा. चवथीक तुमी आरती म्हणतलास बघा!"

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी डॉक्टर?"

"नाय. मी ऑफिसातलो."

"मगे," तो म्हणाला. एवढंच. आणि भिंतीकडे तोंड केलं.

जीप पुलावर आली तशा सिस्टर माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तो माणूस चाळीस वर्षं वाऱ्याकडे बघून होडी परत फिरवत आलाय. त्याला तुम्ही सांगता, वारा नाही म्हणून."

"चवथ पार पडू दे, सिस्टर. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ते दिवस त्याला आहेत की नाहीत, हाच प्रश्न आहे."

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. ऑफिसचा फोन वाजला की मी पहिल्याच घंटेला उचलायचो. दर वेळी दुसरंच कुणीतरी असायचं. गुरुवारी डॉक्टर येऊन गेले, परत चमचाभर रक्त दिसल्याचं सांगून गेले. सिस्टर आपलं काम करत होत्या, माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. एकदा मी विचारलंही, "कसं आहे खाडीकडे?" त्या म्हणाल्या, "आहे." मला वाटलं, राग धरलाय. चवथ आली. रस्ते मुंबईच्या गाड्यांनी भरून गेले. धाकट्या सिस्टर आणि दोन्ही चालक आपापल्या घरच्या गणपतीसाठी रजेवर गेले. मोठ्या सिस्टर तेवढ्या कामावर होत्या, आणि मी.

चवथीचा तिसरा दिवस. सकाळचे साडेदहा झाले असतील. सिस्टर भाड्याच्या गाडीने बांद्याकडच्या एका आजाऱ्याकडे गेल्या होत्या. फोन वाजला. तांडेलाची बायको होती. मागे आरडाओरडा ऐकू येत होता, पण तिचा आवाज स्थिर होता.

"सायबानू, इला ता. सिस्टरांक सांगा. आमी दार लावन घेतला आसा."

'इला ता.' ते आलं. काय आलं, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला त्याच क्षणी कळलं की या बाईला सगळं माहीत आहे.

मी सिस्टरना फोन लावला. त्यांनी चालकाला गाडी वळवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मला या गर्दीत दोन तास लागतील. तुम्ही पंधरा मिनिटांत पोचाल. निघा. फोन चालू ठेवा. आत गेल्यावर मी सांगते तेवढंच करा, दुसरं काही नाही."

जीप मीच काढली. वाटेत दोन ठिकाणी पाहुण्यांच्या गाड्या आडव्या. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

घराच्या पुढच्या खोलीत माटवीखाली, म्हणजे फळाफुलांच्या मंडपीखाली, गणपती बसलेला, समई तेवत होती, आणि पंधरा-वीस माणसं भिंतींना चिकटून उभी. मुलगा आतल्या खोलीच्या दारावर मुठी आपटत होता. "आये, दार उघड! बाबांक हॉस्पिटलात न्हेवया!" मला बघताच तो धावत आला. "साहेब, बरं झालं आलात. जीप आहे ना? चला, उचलूया."

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता, स्पीकरवर. सिस्टरचा आवाज आला, "हलवायचं नाही, साहेब. जीपमध्ये घातलं तर रस्त्यात, गर्दीत जातील. त्यांना बायकोजवळ राहू द्या."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. "न्यायचं नाही," मी म्हणालो.

त्याने माझी कॉलर धरली. खांद्यापाशी शर्ट फाटल्याचा आवाज आला. "तुम्हीच म्हणालात ना निश्चिंत राहा म्हणून? जखम सुकतेय म्हणालात बाबांना, आईने सांगितलं मला!"

"म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी म्हणालो. पण आता जे सांगतोय ते सिस्टर सांगतायत. बाबांजवळ थोडीच मिनिटं आहेत. ती गाडीत घालवू नका."

त्याने कॉलर सोडली नाही. तेवढ्यात आतून त्याच्या आईचा आवाज आला. "सायबानू, तेका एकट्याक आत घेवा. बाकीचे भायरच ऱ्हवांदेत."

कडी आतून निघाली. तांडेलाच्या बहिणीने दार उघडलं, आम्हां दोघांना आत घेऊन परत लावलं.

ती खाटेवर नवऱ्याच्या पाठीमागे बसली होती. त्याची पाठ तिच्या छातीला टेकलेली, डोकं तिच्या खांद्यावर. मानेवर, छातीवर, मांडीवर मरून कापडाच्या जाड घड्या. आमच्या कपाटातला टॉवेल तिथे एकही नव्हता. तिने आपलं लुगडं फाडून त्या घड्या केल्या होत्या. ओल्या झालेल्या जागी तो रंग फक्त काळपट दिसत होता. वास मात्र लपत नव्हता. फवाऱ्याची बाटली खिडकीत ठेवलेली होती.

"फवारा दिला, वैनी?" खिशातून सिस्टरनी विचारलं.

"दिलंय. तुमी दाखयल्यात तसो."

"छान. साहेब, कापड भिजलं तरी काढू नका. वर दुसरं ठेवा. जोरात दाबू नका, हात फक्त ठेवा. वैनी, तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. त्यांना ऐकू येतंय."

मी घडी घेतली, वर ठेवली, हात ठेवला. हाताखाली ते ऊन ऊन लागत होतं. एकदा वाटलं, आता आपण पडणार. सिस्टर खिशातून म्हणाल्या, "साहेब, श्वास घ्या." बांद्याच्या रस्त्यावरून त्यांना कसं कळलं, देव जाणे.

मुलगा दारापाशी थिजून उभा होता. त्याच्या आईने मान न वळवता म्हटलं, "हय ये. बापाशीचो हात धर. तेंका कळता."

तो आला. गुडघे टेकून बसला. वडिलांचा हात दोन्ही हातांत घेतला. तांडेलाचे डोळे अर्धवट उघडे होते. ते त्याच्याकडे वळले, असं मला वाटलं. खात्रीने सांगता येणार नाही. बायको कानाशी बोलत होती, रोजच्या आवाजात. "होडी वर वडलेली आसा. जाळी सुकयलेली आसत. झील हय आसा, तुमची भैण आसा. तुमी काय्येक काळजी करू नकात." होडी, जाळी, मुलगा, बहीण, पुन्हा पुन्हा तेच. श्वास लांबत गेला. मग एका श्वासानंतर आम्ही सगळे पुढच्याची वाट बघत राहिलो, आणि तो आला नाही.

"सिस्टर," मी म्हणालो.

"हात काढू नका इतक्यात," त्या म्हणाल्या. "बसा तिथेच. मी येते."

त्या एकच्या सुमाराला पोचल्या. त्यांनी आणि बायकोने मिळून त्याला धुतलं, नवीन ड्रेसिंग बांधलं, पांढरा सदरा घातला. भिजलेल्या कपड्यांचं गाठोडं सिस्टरनी स्वतः उचललं. घराला सुतक लागलं, म्हणून शेजाऱ्यांनी गणपती उचलला आणि ढोल-ताशाशिवाय खाडीत पोचवला. मुलगा घरापुढच्या खळ्यात बसून ते बघत होता.

मी मागीलदारी विहिरीवर हात धूत होतो. कितीही धुतले तरी नखांतून जात नव्हतं. तांडेलाची बायको पाण्याला आली. तीच म्हणाली, "तुमी भियालात मा?"

"तुम्हाला कधी कळलं हे, वैनी?"

"तुमी येवन गेल्यात ना, तेच्या दुसऱ्या दिसा ती बाय एकटीच इली. एष्टीन. माका हयच बसयल्यान आणि सगळा सांगल्यान. मगे ह्येंका सांगल्यान. ह्येंनीच विचारल्यानी म्हणान. खूप रडलंय मी. मगे कामाक लागलंय." तिने कळशी कट्ट्यावर ठेवली. "ह्येंनी भैणीक बोलावन घेतल्यानी. बारा वर्सां बोलणा नव्हता दोघांचा. होडी पुतण्याक दी म्हणान माका सांगल्यानी. झील काय दर्यात उतारचो नाय, ह्येंका ठावक होता."

सिस्टरची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारची साडेतीनची गाडी. वाडीपर्यंत दुसरी गाडीच नाही. ती फेरी मी आगारात असताना मीच चालू केली होती, तरी त्या गाडीने कोण जातं हे मला ठाऊक नव्हतं.

तेरावं झाल्यावर मुलाची लेखी तक्रार आली. सिस्टरनी आपल्याला अंधारात ठेवलं, आईला भलतंच शिकवलं, वडिलांना हॉस्पिटलात नेऊ दिलं नाही. विश्वस्तांनी बैठक बोलावली. खोटं कशाला सांगू, बैठकीच्या आदल्या दिवशी मी ती फाइल मुद्दाम वर काढून ठेवली होती. माझा आदेश, तारखेसकट, शिक्क्यासकट. दार अडवून उभा राहिलेला माणूस मीच होतो, आणि फाइल काढून ठेवणाराही मीच. नोकरी एवढी वर्षं केली की हात आपोआप त्या फायलीकडे जातो.

विश्वस्तांत एक वकील होते. त्यांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढला. "मग प्रश्नच मिटला. संस्थेने लेखी मनाई केली होती. सिस्टरनी ती मोडली. त्यांना कमी करायचं, मुलाला तसं कळवायचं. विषय संपला."

अध्यक्षांनी सिस्टरना विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"पुन्हा असा आजारी आला तर मी पुन्हा सांगेन," त्या म्हणाल्या. "मुलाच्या बाबतीत मात्र माझं चुकलं. त्याची आई म्हणाली, मी सांगतंय तेका. तिला ते जमलं नाही. मी परत विचारायला हवं होतं. त्याने दारावर मुठी आपटल्या, त्याला जबाबदार मी आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. बसून बोलता आलं असतं, पण उभा राहिलो.

"तो आदेश चुकीचा होता," मी म्हणालो. "मला या कामातलं काही कळत नाही आणि ज्यांना कळतं त्यांचं तोंड मी बंद केलं. त्यांनी माझं ऐकलं असतं तर त्या दिवशी त्या खोलीत काय झालं असतं, ते मी बघून आलोय. कमी करायचं तर मला करा."

दोन तास वाद झाला. वकील म्हणत होते, आदेश मोडणं खपवून घेतलं तर उद्या संस्था चालणार नाही. त्यांचं म्हणणं सगळंच चूक होतं असं मला आजही वाटत नाही. शेवटी सिस्टरना समज देणारं पत्र द्यायचं ठरलं. माझा आदेश रद्द झाला. मी मांडलं की घराच्या आतलं सगळं, कुणाला काय सांगायचं, किती वेळ बसायचं, कुठलं औषध हाताशी ठेवायचं, हे सिस्टरनी ठरवायचं. त्या बाबतीत मीही त्यांच्या हाताखाली.

"मग तुम्ही काय करणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"गाड्या," मी म्हणालो.

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी झाला. पुढच्या महिन्यात वकिलांनी विश्वस्तपद सोडलं.

बैठकीनंतर मी सिस्टरना पायऱ्यांवर गाठलं. वाटलं होतं, काहीतरी बरं बोलतील. त्या चपला घालत होत्या. "बैठकीत खरं बोललात, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण तांडेलाने मला विचारलं होतं आणि उत्तर तुम्ही दिलंत, ते मी विसरलेले नाही. उद्यापासून महिनाभर माझ्याबरोबर या. घरात गेल्यावर कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही."

मी गेलो. महिनाभर कोपऱ्यात बसलो. एका म्हाताऱ्या बाईला उत्तर द्यायला त्यांनी तब्बल वीस मिनिटं घेतली. त्यातली पंधरा त्या नुसत्या तिचे पाय चेपत होत्या.

बोटीवर परत जायच्या दिवशी तांडेलाचा मुलगा ऑफिसात आला. स्कूटर दारात लावून कितीतरी वेळ बाहेरच उभा होता. सिस्टर आत होत्या. मला वाटलं, आता भांडण. मी उठून उभा राहिलो.

सिस्टर त्याच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "तुम्हाला मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

तो आत आला. बाकावर बसला. मग त्याने विचारलं, "त्या दिवसांत बाबा काय बोलले तुमच्याशी?"

"थोडं मला माहीत आहे. जास्त आईला माहीत आहे."

"आई काही सांगत नाही."

"तुम्ही विचारलंत?"

बाहेर स्कूटरवर कावळा येऊन बसला, उडाला. मग मुलगा उठला, अंगणात गेला, फोन काढला. शब्द आम्हाला स्पष्ट ऐकू आले. "आये, आज मी जातंय नाय. घराक येतंय. जेवान ठेव."

तक्रार त्याने मागे घेतली नाही. आम्हीही तसं सुचवलं नाही. स्कूटर वळवून तो खाडीच्या रस्त्याला लागला, आणि सिस्टर मला म्हणाल्या, "साहेब, कुडाळची गाडी निघायला दहा मिनिटं उशीर झालाय."